व्याह्यांच्या माशांना बाळं झाली त्याबद्दल

मुकाश दाजी यांस बिश्केकहून तुमच्या धाकट्या मेहुणीचा, कालिपाचा, सलाम पोचावा.

मेंढ्या कशा आहेत? लंगडी घोडी चालायला लागली का? गाईचं आचळ सुजलं होतं, ती सूज उतरली का? कुत्रा, कोंबड्या, ते एका डोळ्याचं मांजर, सगळे खुशाल ना? अनारताई बरी आहे ना? (तिला सांगा, रागावू नकोस. रीतच आहे, आधी गुरांची खुशाली, मग माणसांची. शिवाय गुरांच्या डॉक्टरशी लग्न केलंस तेव्हाच रांगेत मागे उभं राहावं लागणार हे तुला कळायला हवं होतं.) तुमच्या पोटाची चौकशी करत नाही. मागच्या खेपेला पाहिलं तेव्हा ते उत्तम होतं आणि दारातून तुमच्या आधी आत आलं होतं.

मी चक्क पत्र लिहायला बसले याचं तुम्हाला नवल वाटेल. फोन करून करून थकले. शेवटी ताईनं शेजारणीच्या फोनवरून कळवलं की तुमचा फोन मेंढ्या औषधात बुचकळायच्या हौदात पडला, आणि तुम्ही तो तंदुराच्या कडेवर वाळत ठेवलात. आता त्याला गोचिड्या होणार नाहीत एवढीच काय ती सोय झाली. शेजारणीच्या फोनवर मला हे सांगता आलं असतं, पण त्या बाईला सांगणं म्हणजे मशिदीच्या भोंग्यावरून सांगणं. गोष्ट आमच्या लेकीच्या, बेगायिमच्या, होणाऱ्या सासरची आहे, चारचौघांत जायला नको. म्हणून तुमच्या गावाकडे गाडी नेणाऱ्या जापारच्या हाती हे पत्र देणार आहे. एकटे असताना वाचा, आणि वाचून झाल्यावर हौदात टाका.

बेगायिमचं तिलेकशी ठरलं तेव्हा तुमच्याकडे मेंढ्या विण्याचे दिवस होते, म्हणून तुम्ही आला नाहीत आणि व्याही तुम्ही पाहिलेच नाहीत. कादिरकुल व्याही म्हणजे उंच, वाळका, अबोल माणूस. जन्मभर ट्रॉलीबस चालवली, त्यामुळे समोर बघूनच बोलतात, शेजारच्याकडे मान वळवत नाहीत. त्यांची बायको गेल्याला फार दिवस झालेले नाहीत. तिलेक त्यांचा एकुलता एक. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा सासूबाईंनी मोठं पातेलं चुलीवर चढवून ठेवलं होतं, कारण व्याही येतात म्हणजे दारात आहेराची मेंढी उतरते, हे कोणालाही ठाऊक आहे. दार उघडलं तर हा माणूस दोन्ही हातांनी काचेची भलीमोठी पेटी कवटाळून उभा, मागे तिलेक झाकणाची बादली घेऊन. बादलीत दोन मासे. चपटे, तळहाताएवढे, अंगावर काळे उभे पट्टे, आणि चेहऱ्यावर भाव असा की यांना आधीच कोणीतरी आपल्याबद्दल काही सांगून ठेवलंय. व्याही एवढंच म्हणाले, "आमच्या हिचे आहेत. आता तुमच्याकडे असू द्या." मग चहा घेतला, नानचा एक तुकडा मोडला आणि गेले. पुढ्यात ठेवलेलं मांस तसंच होतं. (त्यांच्या वाटणीचं हाड शेवटी तुमच्या साडूंनी संपवलं. अन्न वाया जाऊ नये म्हणून, असं ते म्हणतात.)

दाजी, आपल्या सात पिढ्यांत कोणी मासा पाळलेला नाही. तुम्ही तळ्याकाठी राहता, पण तुमचीही माशाशी ओळख होते ती कढईतच. तरी मी त्याच क्षणी ओळखलं की ही परीक्षा आहे. गेलेल्या बाईचा हा शेवटचा जिवंत ठेवा. तो जिथं जगेल त्या घरची मुलगी घरात आणायची, जिथं मरेल तिथली आणायची नाही. व्याही तोंडानं काही बोलले नाहीत, पण भला माणूस असल्या गोष्टी तोंडानं बोलतो का? मी ठरवून टाकलं, या घरात मी मेले तरी चालेल, मासे मरता कामा नयेत. दुकानातल्या पडद्यांच्या शिलाईतून वेळ काढून मी पाण्याची ऊब बघत होते, नळीतून बुडबुडे येतात का ते बघत होते. बेगायिम म्हणाली, आई, मला गोवर झाला तेव्हा तू इतकी बसली नव्हतीस. मी म्हटलं, तू व्याह्यांनी दिलेली नव्हतीस.

जाताना व्याह्यांनी खाण्याचा डबा दिला होता आणि सांगितलं होतं, रोज एक चिमूट, जास्त नको. इथंच घोटाळा झाला. सासूबाई म्हणाल्या, "एक चिमूट! अगं, कुठला व्याही म्हणेल, माझी माणसं तुमच्याकडे पाठवतोय, त्यांना पोटभर घाला म्हणून? तो भिडेनं कमीच सांगणार. आपण समजून घ्यायचं असतं." आणि त्या समजून घेऊ लागल्या. सकाळी नानचा चुरा, दुपारी तळलेले बोरसोक, शुक्रवारी तुपातला भात. मासे आपले काचेला नाक लावून उभे. सासूबाई म्हणायच्या, बघ, अजून मागतायत, बिचारे उपाशी आले होते. त्यातून घरात येणारा जाणारा प्रत्येक जण दारात नानचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय जात नाही हे तुम्हाला माहीत आहेच. आता प्रत्येक जण स्वतः एक तुकडा खाऊन दुसरा माशांना घालू लागला. विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा घालून गेला. मी दोनदा तीनदा म्हणाले की पाणी दुधाळ दिसतंय. सासूबाई म्हणाल्या, दूध बरं असतं.

त्याच सुमारास तुमची बरणी आली. लोणच्याची बरणी, त्यात तुमच्या घरामागच्या झऱ्याचं पाणी आणि हिरवंगार गवत, सोबत तुमची चिठ्ठी की माशांना घरच्यासारखं वाटावं. दाजी, तुमच्या मायेबद्दल माझ्या मनात शंका नाही. बरणीबद्दल पुढे लिहीन.

मग एके दिवशी सकाळी तुमचे साडू चहाचा पेला घेऊन पेटीपाशी गेले आणि तिथूनच ओरडले. मला वाटलं पेटी फुटली. जाऊन बघते तर काचेवर आतल्या बाजूनं इवलेइवले पांढरे जीव. एक-दोन नाही, काचभर. काही सरपटतायत, काही पाण्यात दोऱ्यासारखे डुलतायत. तुमचे साडू म्हणाले, "बाळं! कालिपा, बाळं झाली!" मी नीट वाकून बघेपर्यंत ते फोनकडे धावले होते. इथं त्यांची बाजूही सांगायला हवी. आनंदाची बातमी पहिल्यांदा जो पोचवेल त्याला सुयुंचूचा आहेर मिळतो, आणि या माणसाच्या नशिबात तो कधी आला नाही. तुमचा थोरला झाला तेव्हा हे घोड्यावर निघाले, तर शेजारच्या पोरानं सायकलवरून आधी गाठून तुमच्याकडून नवा कोट मिळवला होता. त्या कोटाचं दुःख यांनी वीस वर्षं उराशी धरलंय. तेव्हा फोन लावताना यांच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

"सुयुंचू, व्याही, सुयुंचू! माशांना बाळं झाली! काच भरून गेलीय, हो, काच भरून!"

पलीकडून मग कसलासा आवाज आला, जसं कोणी तोंडावर हात धरलाय, आणि फोन बंद झाला. तुमचे साडू माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचेच डोळे भरले होते. म्हणाले, "माणूस रडला गं. बायकोच्या माशांना बाळं झाली म्हणून रडला." मीही डोक्यावरचा रुमाल डोळ्यांना लावला, खोटं कशाला सांगू. सासूबाईंनी तर लगेच पीठ मळायला घेतलं. त्याच दिवशी तिलेक येऊन पांढरी नमद्याची टोपी आणि मिठाईचा डबा देऊन गेला, वडिलांकडून सुयुंचूचा आहेर म्हणून. शिवाय निरोप होता: बेगायिमच्या कानांत आमची माणसं साखरपुड्याचे डूल घालायला येतील तेव्हा मी सगळ्यांच्या आधी येईन, मला बाळांची तोंडं बघायचीत.

बाळांची तोंडं आम्हीही तोवर नीट बघितली नव्हती. बघायला सवड कुठे होती! सासूबाईंनी रोट्या वाटल्या, त्यामुळे सबंध इमारत बाळं बघायला लोटली. कोणी साखर आणली, कोणी खुळखुळा आणला, तळमजल्यावरच्या गुलाइमनं तर दृष्ट लागू नये म्हणून काचेला निळा मणी चिकटवला. प्रत्येकानं येऊन बाळंतिणीला म्हणून नानचा तुकडा घातला. (बाळंतीण दोघांतली कोणती यावर दोन मतं होती, म्हणून दोघींनाही घातला.) तुमचे साडू नवी टोपी घालून दाराशी उभे, जणू सगळं त्यांनीच केलंय.

पहिली शंका बेगायिमला आली. तिनं फोनचा कॅमेरा काचेला लावून चित्र मोठं केलं आणि म्हणाली, "बाबा, यांना पर नाहीत."

"येतील. तुला तरी जन्मतः दात होते का?"

"यांना शेपटीही नाही. डोकं बाणासारखं आहे. आणि डोळे तिरळे आहेत."

"जन्मतः सगळेच तिरळे असतात. तू स्वतः महिनाभर नाकाकडे बघत होतीस."

बेगायिम माझ्याकडे बघू लागली, मी सासूबाईंकडे, सासूबाई छताकडे. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वालेंतिना पेत्रोवना बाळांसाठी जर्दाळूचा मुरंबा घेऊन आल्या. त्यांच्याकडे पूर्वी मासे होते. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. मग खुर्चीवर बसल्या आणि मुरंब्याचं झाकण उघडून स्वतःच खायला लागल्या. अर्धी वाटी झाल्यावर म्हणाल्या, "कालिपा, बाळं नव्हेत बाई. किडे आहेत."

त्यांनी सांगितलं ते असं, नीट वाचा, तुमच्याच विषयातलं आहे. किडे दोन जातींचे. एक केसासारखे बारीक, पाण्यात डुलतात आणि ढवळलं की खड्यांत शिरतात. ते निरुपद्रवी. खाऊन उरलेलं अन्न कुजतं त्यावर ते जगतात, तळ साफ ठेवला आणि खाणं कमी केलं की आपोआप कमी होतात. दुसरे चपटे, बाणाच्या डोक्याचे, दोन डोळ्यांचे, काचेवरून घसरत चालतात. हे लबाड. माशांची अंडी खातात. "खरीच बाळं व्हायची असती," वालेंतिना पेत्रोवना म्हणाल्या, "तर यांनी अंड्यांतच संपवली असती." हे कुठून येतात असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, स्वतःहून येत नाहीत, बहुधा बाहेरच्या एखाद्या झाडपाल्याबरोबर येतात. घरातले सगळे तुमच्या बरणीकडे बघू लागले. मी कोणाचं नाव घेतलं नाही, दाजी, आणि अजूनही घेत नाही.

तुमचे साडू मात्र पेटले. ज्यांच्या जिवावर टोपी मिळाली तेच किडे निघाले म्हटल्यावर माणूस पेटणारच. त्यांनी दाढीचं पातं घेतलं, बाही वर केली, आणि काचेवरच्या एकेका चपट्याचे दोन तुकडे करायला सुरुवात केली. दुपारभर चाललं होतं. जेवायला बसले तेव्हा चेहऱ्यावर विजय होता. दोन दिवसांनी वालेंतिना पेत्रोवना सहज डोकावल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. त्या चपट्याचे दोन तुकडे केले की दोन किडे होतात म्हणे, शेपटाला डोकं फुटतं आणि डोक्याला शेपूट! म्हणजे आता खरोखर बाळं झाली होती, आणि ती तुमच्या साडूंनी स्वतःच्या हातानं केली होती.

मग मांसाचा उपाय. कच्च्या मांसाचा तुकडा पातळ फडक्यात बांधून तळाशी सोडायचा, वासानं चपटे फडक्यात शिरतात, की फडकं उचलून उकळत्या पाण्यात. ऐकायला सोपं. पण आमच्या घरात मांसाचा तुकडा म्हटला की तो कुठला आणि कोणाच्या मानाचा हा प्रश्न आधी येतो. तुमच्या साडूंनी मांडीचा काढला तर सासूबाई कडाडल्या, डूल घालायला येणाऱ्या बायकांचं मांस किड्यांना! मग बरगडीचा काढला, तर त्या म्हणाल्या बरगडी जावयाची. शेपटाची चरबी थोरल्या सुनेची, डोकं पाहुण्याचं. किडे नेमके कोणत्या नात्यातले ते ठरेना. शेवटी मी फुफ्फुसाचा तुकडा घेतला, जो कोणाच्याच मानाचा नसतो, आणि सोडला. उपाय लागू पडला, हे कबूल करायला हवं. फडकं बाहेर काढलं तर पांढरं झालेलं. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "मेले पंगत मांडून बसलेत." तीनचारदा केलं, काच बरीच मोकळी दिसायला लागली, आणि मग पुन्हा भरली. कारण मी फडकं टाकायची आणि माझी पाठ वळली की सासूबाई बाहीतून नान काढायच्या. मी त्यांना बोलले. त्या म्हणाल्या, "किड्यांसाठी नाही टाकत, माशांसाठी टाकते. किड्यांनी खाल्लं तर मी काय करू?"

पाणी बदललं, खडे धुतले, हाताला पाण्याचा वास बसला. चारपाच दिवसांवर कार्यक्रम आला, व्याह्यांची माणसं येणार, आणि व्याही तर सगळ्यांच्या आधी. अखेर मी दुकानातला उरलेला मखमलीचा तुकडा आणून पेटीला पडदा शिवला. सासूबाई म्हणतात, हे बरं, नव्या नवरीसारखे पडद्याआड बसलेत. पण नवरीचा पडदा सरकतोच, दाजी. तो माणूस पडदा सरकवणार आणि आत किडे बघणार. मला त्याची लाज वाटत नाही, लाज काय, धुतली की जाते. पण बायको गेल्यावर ज्याला एक चांगली बातमी मिळाली, तीही आम्ही दिली, आणि ती किड्यांची निघाली, हे त्याच्या तोंडावर कोणी सांगायचं? आणि सांगितल्यावर आमची मुलगी त्या घरात कोणत्या तोंडानं जाणार? बेगायिम जेवत नाही. तिलेकला तिनं अजून काही सांगितलेलं नाही.

आमच्याकडे बाकी सगळं ठीक. तुमचे साडू बरे आहेत, टोपी घालत नाहीत, कपाटात ठेवलीय. सासूबाईंचे गुडघे पूर्वीसारखेच. अनारताईला माझं प्रेम, मुलांना पापे, घोडीच्या पायाला कोमट पाण्याचा शेक द्या. (हे मी तुम्हाला शिकवणारी कोण, पण घरचा डॉक्टर घरच्या घोडीकडे शेवटी बघतो.)

तुमची मेहुणी,
कालिपा

ता. क. पाखरांच्या बाजारात मासे विकणारा म्हणाला की मेंढ्यांना जंतांसाठी जी पांढरी पूड देतात तीच थोडीशी पाण्यात टाकली की चपटे मरतात, माशांना काही होत नाही, फक्त गोगलगायी असतील तर आधी काढून ठेवा. ती पूड तुमच्याकडे पोत्यानं असेल. मी इथं एक पाकीट मिळवलं, पण त्यावर मात्रा मेंढीच्या वजनावर लिहिलीय. आता पेटी म्हणजे किती मेंढ्या? तुमच्या साडूंनी पेटी उचलून बघितली आणि म्हणतात, दोन चांगल्या मेंढ्या आणि एक कोकरू. वजन पाण्यासकट धरायचं की नुसत्या माशांचं? आणि रिकाम्या पोटी द्या असंही लिहिलंय. आमच्या घरात रिकाम्या पोटाचं कोणी नाही, मासे तर नाहीतच. तेव्हा तुम्ही स्वतः मोजून पुड्या बांधून जापारबरोबर पाठवा.

आणखी एक ता. क. पूड पोचली नाही तरी चालेल. तुम्ही पोचा. हेच खरं सांगायचं होतं, वर लिहायला हात धजत नव्हता. कार्यक्रमाच्या दिवशी व्याह्यांच्याही आधी या, तुमचा पांढरा कोट घालून या, आणि डॉक्टर म्हणून त्यांना गंभीर आवाजात सांगा की बाळं झाली होती, पण आईबापांनी खाऊन टाकली. वालेंतिना पेत्रोवना म्हणतात मासे असं करतात, म्हणजे अगदीच खोटं होणार नाही. तुमचं ऐकतील, तुमचा आवाज मोठा आहे. फक्त खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात, तेव्हा टोपी खाली ओढून घ्या. एवढं करा, दाजी. बरणीचा विषय मी जन्मात काढणार नाही.

तिसरा ता. क. जापारच्या गाडीचा आस तुटला, म्हणून पत्र अजून इथंच आहे, आणि मधल्या काळात व्याही येऊन गेले. न सांगता, एकटेच, आज दुपारी. मी दुकानातून नुकती आले होते, सासूबाई बाहीत हात घालून पेटीपाशीच. व्याही म्हणाले, राहवलं नाही, आधीच बघून जातो. तुमचे साडू कपाटाकडे धावले, टोपी घातली, मग काढली, मग पुन्हा घातली. व्याह्यांनी पडदा सरकवला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि खूप वेळ बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, झालं. मी पुढे होऊन सगळं सांगून टाकलं, नान, बोरसोक, पातं, फुफ्फुस, सगळं (तुमची बरणीही, माफ करा). ते वळले तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दाजी, माणूस हसत होता. उभं राहवेना इतका हसत होता.

म्हणाले, "व्याही, या दोन्ही माद्या आहेत हो! आमची ही त्यांना जावा म्हणायची. बाळं कुठून होतील?"

तुमच्या साडूंनी टोपी काढून हातात घेतली. "मग फोनवर का नाही बोललात?"

"कसा बोलणार? 'काच भरून' म्हणालात आणि मला हसू फुटलं. ती गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. माझाच आवाज मला ओळखू येईना, म्हणून फोन ठेवला." मग टोपी त्यांच्या हातातून घेऊन स्वतः त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "असू द्या. बातमी चांगलीच होती."

मी विचारून टाकलं, मासे आम्हाला का दिलेत, परीक्षा होती ना? ते पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे बघून बोलले. "परीक्षा कसली, व्याहीणबाई. माझ्याकडे ते माझ्याबरोबर उपाशी मरत होते. मी जेवायचं विसरायचो, त्यांना घालायचं विसरायचो. किडे व्हायला अन्न उरावं लागतं. तुमच्याकडे उरतं. आणि किड्यांना बाळं समजून जिथं रोट्या वाटतात, तिथली मुलगी माझ्याकडे येतेय. मला आणखी काय हवं?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बेगायिमही आली, ती रडली आणि मग भांड्यातलं मांस उभ्याउभ्याच खायला लागली. बाहेर व्याही बरगडी खात होते, आपली आपण मागून घेऊन.

तेव्हा दाजी, खोटं बोलायला येऊ नका, नुसतं जेवायला या. पूड मात्र आणाच, पण कार्यक्रम उरकेपर्यंत खिशातून काढू नका. बेगायिमच्या कानांत डूल घालायला व्याह्यांची मेहुणी येणार आहे, त्यांच्या बायकोची सख्खी धाकटी बहीण, आणि तीही तेव्हापासून हसलेली नाही. व्याही बजावून गेलेत, तिला दाखवून होईपर्यंत एकाही बाळाला हात लावायचा नाही.